दोन डेसिबलांसाठी

डिश अँटेनाची खरी अडचण कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. नट फिरवायचा तो गच्चीवर आणि त्याचा परिणाम दिसायचा तो खालच्या हॉलमध्ये. म्हणून हे काम एकट्याचं नाही. वर एक जाणकार लागतो, टीव्हीसमोर एक अजाण लागतो आणि दोघांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, निरोप पोचवणारं एक पोर लागतं. ‘आलं का?’ ‘आलं!’ ‘आता?’ ‘गेलं!’ एवढ्या भांडवलावर महाराष्ट्राने दूरदर्शनच्या काड्यांच्या अँटेनापासून सेट टॉप बॉक्सपर्यंत मजल मारली. मोबाइल आल्यावर जिन्यातल्या पोराची नोकरी गेली, संवाद मात्र फारसा सुधारला नाही. वरचा विचारतो, ‘क्वालिटी किती दाखवतंय?’ आणि खालून उत्तर येतं, ‘कोणीतरी बाई रडतेय.’

या संवादातला वरचा माणूस हा इथला विषय. तालुक्याच्या प्रत्येक गावात असा एक तरी गृहस्थ असतोच. त्याच्याकडे डीडी फ्री डिशची दोन फुटी छत्री असते. (दुकानदारापासून गवंड्यापर्यंत सगळे डिशला छत्रीच म्हणतात, आणि पावसात ती नेमकी कामातून जाते हा वेगळा भाग.) महिन्याचं भाडं नाही, चित्र स्वच्छ, घरच्यांची तक्रार नाही. तक्रार त्याची स्वतःची असते. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत आत शिरलं की ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यातली दुसरी त्याच्याकडे ६५वर अडलेली असते, आणि पलीकडच्या आळीत कोणाची तरी ७२ आहे असं त्याच्या कानावर आलेलं असतं. आता डिजिटल सिग्नलचा स्वभाव असा की, एका मर्यादेच्या वर असला की चित्र पूर्ण येतं, आणि खाली घसरला की निवेदिकेच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होऊन पडदा काळा होतो. मधला प्रकार जवळजवळ नाहीच. जुन्या ॲनालॉग काळात सिग्नल जेवढा कमी तेवढ्या पडद्यावर मुंग्या जास्त, असा प्रामाणिक हिशेब होता. आता ६५ आणि ७२ या दोन आकड्यांमधला फरक चित्रात दिसत नाही. शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉक्समधले हे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थही नसतो, कारण ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी. पण पलीकडच्या आळीला हे कोण सांगणार? गृहस्थ टेप घेऊन गच्चीवर जातो आणि छत्रीचा व्यास मोजतो.

छत्री मोठी केली की सिग्नल वाढतो, हे तत्त्व खरंच आहे आणि सगळा घोटाळा त्यातूनच सुरू होतो. आपला टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. त्याच्या एका ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्राची, ताकद शंभर-दीडशे वॉट. ती अख्ख्या देशावर पसरायची, तेव्हा एका दोन फुटी छत्रीच्या वाट्याला साधारण एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग येतो. एवढ्याशा प्रसादातून चार सुनांची आणि एका सासूची अखंड मालिका निघते हेच मुळात नवल. हा प्रसाद वाढवायचा सरळ उपाय म्हणजे भांडं मोठं करणं. पावसात परात ठेवली तर परात जेवढी मोठी तेवढं पाणी जास्त, आणि व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट. ६० सेंटीमीटरची छत्री ९०ची केली की सव्वादोन पट सिग्नल. हे गणित नववीतल्या मुलालाही येतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

कारण परात कुठूनही आलेला पाऊस झेलते. डिश एकाच दिशेचा झेलते, आणि ती जेवढी मोठी तेवढी तिची नजर अरुंद. फ्री डिश ज्या लहरींवर येते त्या अडीच सेंटीमीटर लांबीच्या. त्या लहरींसाठी ६० सेंटीमीटरच्या छत्रीला आकाशाचा जवळपास तीन अंशांचा तुकडा दिसतो. तीच छत्री १८० सेंटीमीटरची झाली की उरतो एक अंश. दोन फुटी छत्री अंदाजाने वळवली, नट आवळले, चहा प्यायला खाली आलं, तरी चालतं. सहा फुटी छत्री नेमक्या जागेवरून अर्धा अंश हलली की सिग्नल निम्मा. आणि अर्धा अंश हलवायला फार काही लागत नाही. एखादं पुष्ट माकड पुरतं.

दर्जेदार वेडाची परंपरा बघायची तर १९३७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या व्हीटन या गावी जावं लागेल. आकाशगंगेकडून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्की या अभियंत्याने काही वर्षांपूर्वी दाखवलं होतं, आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी ते वाचून बाजूला ठेवलं होतं. ग्रोट रेबर या पंचविशीतल्या रेडिओ अभियंत्याने मात्र आईच्या घराच्या परसात, पदरचे पैसे घालून, लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून ३१ फूट व्यासाची डिश उभी केली. दिवसा शिकागोत नोकरी, रात्री परसात आकाश. रात्रीच काम करण्याचं कारण काव्यमय नव्हतं. दिवसा रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या इंजिनांची खरखर त्याच्या यंत्रात ऐकू यायची. पाऊस पडला की डिशच्या मधल्या भोकातून पाण्याची धार लागायची, त्यावरून हे यंत्र हवामान ताब्यात ठेवण्यासाठी आहे अशी गावात कुजबुज सुरू झाली. आईने सांगाड्याचा वापर कपडे वाळत घालायला केला, असंही सांगतात. घरातल्या इतर माणसांना या यंत्राचा कळेल असा उपयोग एवढाच.

रेबरचं खरं मोठेपण डिशच्या आकारात नाही. त्याने आधी ३३०० मेगाहर्ट्झवर कान लावला, काही नाही. मग ९००वर, तरी काही नाही. तिसऱ्यांदा १६०वर आला तेव्हा आकाशगंगा बोलली. डिश तीच होती, बदलत होता तो केंद्रातला रिसीव्हर. छत्री वाढवण्याआधी छत्रीच्या टोकाशी काय बसवलंय ते बघावं, हे यातून गच्चीवरच्या मंडळींनी शिकायला हवं होतं. त्यांनी फक्त ३१ फूट हा आकडा लक्षात ठेवला.

टीव्हीसाठी घरची डिश बांधणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणून नाव घेतलं जातं ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टेलर हॉवर्ड यांचं. १९७६मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या घराशी डिश लावून एचबीओचे सिनेमे थेट उपग्रहावरून उतरवले. केबल कंपन्यांसाठी पाठवलेला माल आपण मध्येच उचलतोय, हे मनाला लागून त्यांनी एचबीओला १०० डॉलरचा चेक पाठवला. कंपनीने तो परत केला, आम्ही फक्त केबल कंपन्यांशी व्यवहार करतो म्हणून. पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवण्याचा गुण फक्त आपल्याच काही दुकानांत आहे असा जो समज आहे, तो इथे दूर व्हावा. तीन वर्षांनी, १९७९च्या नाताळात, नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये घरगुती डिश झळकली. किंमत ३६,५०० डॉलर. पुढे किमती उतरल्या आणि डोंगराळ भागात, जिथे केबल पोचत नव्हती तिथे, दहा-दहा फुटी डिश अंगणोअंगणी उगवल्या. इतक्या, की डिश हेच वेस्ट व्हर्जिनियाचं राज्यफूल आहे असा विनोद तिथे रूढ झाला.

भारतात छत्री उघडली ती थेट खेड्यात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर नासाचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन इस्रोने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान अशा सहा राज्यांतल्या २४०० गावांत सार्वजनिक टीव्ही लागले. महाराष्ट्र यादीत नव्हता, हे आपल्याकडच्या छत्रीवाल्यांना अजून सलतं. गावोगावच्या डिशचा व्यास तीन मीटर आणि बांधणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. हे काही गरिबीचं प्रदर्शन नव्हतं. उपग्रह ८६० मेगाहर्ट्झवर बोलत होता, म्हणजे लहर जवळपास ३५ सेंटीमीटर लांब. लहरीच्या मानाने जाळीची भोकं पुरेशी बारीक असली की लहरीला ती दिसतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो अखंड पत्रा. वारा मात्र भोकांतून निघून जातो. हलकं, स्वस्त आणि वादळात टिकाऊ असं एकाच जाळीत मिळालं. भूस्थिर उपग्रहांची कल्पना १९४५मध्ये लेख लिहून मांडणारे आर्थर सी. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत. त्यांच्या घरी भारतीय अभियंत्यांनी जाऊन याच प्रयोगासाठी डिश बसवून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेल्या कल्पनेचं घरपोच चित्र मिळणारा लेखक विरळाच. बहुतेकांना मानधनही घरपोच मिळत नाही.

महाराष्ट्राच्या गच्च्यांवर डिश चढली ती १९९१नंतर. आखाती युद्ध, सीएनएन, मग स्टार, मग १९९२च्या ऑक्टोबरात झी. स्टार आणि झी ज्या एशियासॅट-१ वरून येत होते त्याची कुळकथा फार कमी प्रेक्षकांना ठाऊक होती. हा उपग्रह मुळात वेस्टार-६ या नावाने १९८४च्या फेब्रुवारीत अमेरिकी शटलमधून सोडलेला. तो भलत्याच कक्षेत जाऊन अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी शटलच्या अंतराळवीरांनी त्याला अक्षरशः हातांनी धरून परत आणलं. पुढे तो विकला गेला, त्याची दुरुस्ती झाली आणि १९९०च्या एप्रिलमध्ये चिनी अग्निबाणावर बसून तो नव्या नावाने पुन्हा वर गेला. डोंबिवलीच्या हॉलमध्ये जे उच्चभ्रू इंग्रजी जग पहिल्यांदा अवतरलं, ते असं सेकंडहँड, दुरुस्त केलेल्या आणि नाव बदललेल्या मालातून आलं. हे तेव्हा कळलं असतं तर केबलचं भाडं देताना घासाघीस करायला एक चांगला मुद्दा मिळाला असता.

हा उपग्रह सी बँडवर होता. लहर साडेसात सेंटीमीटरची, सिग्नल पातळ, म्हणून डिश आठ, दहा, बारा फुटांच्या. त्या केबलवाल्याच्या गच्चीवर असत आणि त्या गच्चीवर इतरांना प्रवेश नसे. लोक केबलवाल्याकडे थोडं अदबीनेच बघत. पुढे घरोघरी डीटीएच आलं, केबलचे कार्यक्रम फायबरमधून येऊ लागले आणि त्या ॲल्युमिनियमच्या जाळीच्या अवाढव्य डिश एकेक करून भंगारात निघाल्या. भंगारवाला त्यांचं वजन करतो. आपला गृहस्थ त्यांचा व्यास मोजतो. दोघांच्या भावात काही शेकड्यांचा फरक पडतो आणि एक आठ फुटी डिश, पाकळ्या सुट्या करून, जिन्याने वर जाते. जिना साडेतीन फुटी असल्यामुळे भिंतीचा रंगही थोडा वर जातो.

इथे खरं तर सुखान्त व्हायला हवा. आठ फुटी डिशवर सी बँडचे ढीगभर चॅनेल लागतात. ७८.५ अंश पूर्वेच्या थायकॉमकडे तोंड केलं तर थाई मालिका लागतात, ज्यांत रडणाऱ्या बायकांची भाषा कळत नसली तरी सासू कोणती हे लगेच कळतं. पण थोड्याच दिवसांत एखादा दुबळा ट्रान्सपॉन्डर सापडतो, ज्याचं चित्र येतं-येतं आणि तुटतं. तो चॅनेल कोणत्या देशाचा, त्यावर काय दाखवतात, हे गौण. तो लागत नाही, एवढंच पुरे. आणि मग आठाची दहा फुटी करण्याचा विचार डोक्यात शिरतो.

याचं गणित करून बघण्यासारखं आहे. डिशचा केंद्रबिंदू काढायचं सूत्र सोपं: व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट. आठ फुटी डिशचा व्यास २४० सेंटीमीटर आणि मधली खोली ४० धरली तर केंद्र येतं बरोबर ९० सेंटीमीटरवर, सिग्नल टिपणारा एलएनबी तिथे. आता ही डिश त्याच वक्रात ३०० सेंटीमीटरपर्यंत वाढवायची तर खोली व्हायला हवी साडेबासष्ट सेंटीमीटर. म्हणजे चहूबाजूंनी ३० सेंटीमीटर रुंदीची झालर लावताना तिची बाहेरची कड साडेबावीस सेंटीमीटर पुढे यायला हवी. गृहस्थाच्या नजरेला ही झालर फारच उभी वाटते. तो ती सौंदर्यदृष्टीने थोडी पसरट लावतो. पसरट झालरीवर आदळलेल्या लहरी केंद्राकडे न जाता इमानाने भलतीकडे जातात. डिश दहा फुटी दिसते, काम आठ फुटांचंच करते, आणि वारा मात्र पूर्ण दहा फुटांचा घेते.

झालर अचूक लावली तरी पुढचा पेच उरतोच. एलएनबीच्या तोंडाशी फीडहॉर्न नावाचा कर्णा असतो, आणि तो ठरावीक रुंदीचाच प्रदेश बघतो. मूळ डिशची कड त्याला जवळपास १३५ अंशांच्या घेरात दिसत होती. वाढवलेली कड दिसायला १६०च्या आसपास घेर लागेल. जुना कर्णा ठेवला तर नव्या झालरीकडे त्याचं फारसं लक्षच नाही. ओट्याला नवा कडप्पा बसवला आणि गॅस बसवला मोरीत, असा प्रकार फक्त माणसंच करतात असं नाही, डिशही करते. खोल डिशसाठीचा वेगळा फीड आणला, सगळं जुळलं, तर फायदा किती? क्षेत्रफळ छप्पन टक्क्यांनी वाढतं. डेसिबलच्या भाषेत हे दोनलाही किंचित कमी.

दोन डेसिबल. पण या दोन डेसिबलांना हसणं सोपं नाही. कडेवर लटकणारा डिजिटल सिग्नल अर्ध्या डेसिबलाने आत येतो आणि काळ्या पडद्याच्या जागी माणसं चालू-बोलू लागतात. त्यामुळे गृहस्थाचा पराक्रम मूर्खपणाचा की शहाणपणाचा, हे त्या दोन डेसिबलांच्या कोणत्या बाजूला तो उभा होता यावर ठरतं. आणि ते आधी कळायला मार्ग नसतो.

पत्र्याऐवजी जाळी लावू म्हणणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यांचं चुकत नाही. भोक लहरीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक असावं, म्हणजे सी बँडला साडेसात मिलिमीटर आणि फ्री डिशच्या केयू बँडला अडीच मिलिमीटर. खुराड्याची जाळी ‘साइट’ला चालली, इथे केयू बँडच्या लहरी तिच्यातून आरपार जातात. डासांची जाळी भोकांच्या हिशेबात बसते, पण ती धातूची हवी. नायलॉनची लावली तर डिश सुरेख दिसते, डास अडतात, सिग्नल मात्र निर्विघ्न पलीकडे जातो. मग पृष्ठभागाची सफाई. वक्रात लहरीच्या विसाव्या भागाइतकी चूक सगळीकडे पसरली तर एक तृतीयांश सिग्नल हातचा जातो. सी बँडमध्ये ही चूक पावणेचार मिलिमीटर, केयूमध्ये सव्वा मिलिमीटर. जिन्यात एकदा आपटलेल्या डिशकडून सव्वा मिलिमीटरची अपेक्षा ठेवणं म्हणजे तिच्यावर अन्यायच.

जाळीच्या पंथाचं तीर्थक्षेत्र महाराष्ट्रातच आहे. तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश उभ्या आहेत. सगळ्या मिळून ३०, त्यातल्या १४ जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. एवढी मोठी डिश पत्र्याची करायची तर पैसा आणि वारा दोन्ही आवरले नसते. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तारांच्या दोरखंडांच्या कैच्या ताणून त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवली. जाळीची भोकं मध्यभागी १० मिलिमीटर आणि कडेला २० पर्यंत. ऐकायच्या असलेल्या रेडिओलहरी पुरेशा लांब, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. याच स्वरूप यांच्या चमूने त्याआधी १९६५मध्ये कल्याणला सूर्य ऐकण्यासाठी ३२ लहान डिश मांडल्या होत्या. सहा-सहा फुटी त्या डिश ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत वापरून झालेल्या, भेट म्हणून आलेल्या. सेकंडहँड डिशची शास्त्रीय परंपरा कल्याणला इतकी जुनी आहे, हे पुढे तिथल्या केबलवाल्यांच्या कामी आलं की नाही याची नोंद नाही.

वाढवणं ही झाली सुतारकी. खरा रियाझ सूक्ष्म जुळणीचा. सगळ्यात आधी पाइप उभा हवा, आणि उभा म्हणजे डोळ्यांना उभा नव्हे, ओळंब्याला उभा. तो कलता असला की पुढचे सगळे कोन खोटे. डिश पिरगळली आहे का हे बघायला कडेवरून दोन दोऱ्या आडव्या-उभ्या ताणायच्या. मधोमध दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या तर डिश सरळ, त्यांच्यात फट राहिली किंवा एक दुसरीला दाबू लागली तर जिना आठवायचा. मग दिशा. पुण्यातून फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ५९ अंश वर. आग्नेय ही वास्तुशास्त्रात स्वयंपाकघराची दिशा, त्यामुळे गच्चीवर ती दाखवायला घरातलं कोणीही मदत करतं. मोबाइलमधलं होकायंत्र मात्र लोखंडी पाइपाशेजारी धरलं की पाइपाचीच दिशा दाखवतं. त्यातून दोन फुटी छत्र्या असतात तिरप्या घडणीच्या. त्या बघतात ५९ अंशांवर, पण त्यांचं तोंड दिसतं वीस-पंचवीस अंश खाली. समोरच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंना ही छत्री आपल्याच बाल्कनीकडे रोखलेली दिसते, आणि भूमिती समजावून सांगायला वर जाणं अधिकच संशयास्पद ठरतं.

सिग्नल सापडला की त्याचा शेंडा शोधायचा. उजवीकडे सरकवत न्यायचं, क्वालिटी ठरावीक आकड्यावर पडली की पेन्सिलीची खूण करायची. डावीकडेही तसंच. दोन खुणांच्या मधोमध खरी दिशा. हे शहाण्या माणसाचं काम. उतावळा नुसता आकड्याकडे बघून थांबतो आणि कडेलाच राहतो. सिग्नल इतका जोरात असेल की पट्टी शेंड्यावर सपाट झाली आहे, तर एलएनबीवर ओला पंचा टाकायचा. पाणी लहरी खातं, आकडा खाली येतो आणि शेंडा पुन्हा टोकदार होतो. सिग्नल वाढावा म्हणून इतका खटाटोप केलेला माणूस स्वतःच्या हाताने त्याच्यावर ओला पंचा टाकतो, हे दृश्य खालून बघणाऱ्याला समजणं कठीण. मग एलएनबी स्वतःभोवती थोडा पिळायचा, मिलिमीटरभर मागे-पुढे करायचा. मधूनच आकडा अकारण कोसळतो, तेव्हा घाबरायचं नाही. गृहस्थाचं डोकं डिश आणि उपग्रह यांच्या मध्ये आलेलं असतं.

आणि शेवटी नट आवळायचे. आजवरच्या सगळ्या अचूक जुळण्या या क्षणी बिघडल्या आहेत. पाना शेवटचा पाव फेरा घेतो आणि सगळी डिश नटाबरोबर केसभर वळते. मुरलेली मंडळी म्हणून आधीच उलट्या बाजूला केसभर चूक ठेवून मग आवळतात. ही चूक किती ठेवायची हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते ज्याचं त्याच्या पान्याला ठाऊक.

एवढं करून निसर्ग आहेच. जोराचा पाऊस केयू बँडचा सिग्नल गिळतो, सी बँड त्या मानाने तग धरतो. कोकणात नारळाची ओली झावळी वाऱ्याच्या लयीत समोरून जाते आणि चित्रही त्याच लयीत येतं-जातं. फीडहॉर्नचं प्लास्टिकचं झाकण फुटलं असेल तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. गच्चीवरच्या सगळ्या बांधकामांत तिचंच तेवढं पहिल्या खेपेला नीट बसतं. डिशला चकचकीत रंग देण्याचा मोह तर अजिबात आवरावा. डिश लहरी गोळा करते तशी सूर्याचं ऊनही गोळा करते, आणि चकाकत्या डिशच्या केंद्रावरचा एलएनबी वितळायला वेळ लागत नाही. मळकट रंगाच्या डिश मळकट असतात त्या यासाठी.

सूर्याशी मात्र गृहस्थाचं एक वेगळं नातं असतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य काही मिनिटांसाठी उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्याच्या प्रचंड रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो आणि चित्र जातं. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला आळीतले टीव्ही एकामागून एक काळे पडतात. गृहस्थ ही वेळ आधीच काढून, चपला घालून, गच्चीवर तयार असतो. कारण मधोमध फीड असलेल्या त्याच्या मोठ्या डिशवर या क्षणी एलएनबीची सावली बरोबर केंद्रात पडायला हवी. फुकटात आणि बिनचूक मिळणारी ही परीक्षा. तो पट्टी लावून बघतो. सावली दोन बोटं डावीकडे. त्याचा चेहरा उजळतो. इतक्या महिन्यांत अडलेला आकडा का अडला होता ते आता सापडलेलं असतं.

तेवढ्यात खालच्या अंगणात माणसं जमतात. शेजारचे काका वर बघून हाक मारतात, ‘अहो, तुम्हीच काहीतरी हलवलंत ना? सगळ्यांचंच गेलंय.’ गृहस्थ कठड्यावरून वाकून शांतपणे सांगतो, यात त्याचा काही हात नाही, उपग्रहाच्या बरोबर मागे सूर्य आलाय.

काका डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे बघतात, मग दहा फुटी डिशकडे बघतात.

‘मग तेवढी तुमची छत्री जरा बाजूला घ्या की!’